वखारीपासून ब्रॅकलीपर्यंत

रविवारीं सायंकाळीं आमच्या माजघरांत मोटारींची शर्यत पाहावयास नातवंडें पुढें व वडील मंडळी मागें अशी बैठक जमते. परवां मी सहज विचारलें, “ही मर्सिडीज म्हणजे जर्मनांची गाडी, नाहीं का रे?” थोरला नातू हंसून म्हणाला, “आजोबा, नांव जर्मन. पण ती तयार होते इंग्लंडांत, ब्रॅकली गांवीं.” या उत्तरावरून जी वंशावळ हातीं लागली ती वाचकांस सांगावीशी वाटते.

या घराण्याचे मूळ पुरुष केन टिरेल हे लांकडाचे व्यापारी. सरे परगण्यांतील आपल्या वखारींत, एका लांकडी खोपटांत, त्यांनीं १९७० सालीं स्वतःची पहिली फॉर्म्युला वन मोटार गुप्तपणें बांधविली. एंजिन मात्र विकतचें. कॉसवर्थ या लहान कंपनीनें फोर्डच्या पैशावर तें तयार केलें होतें, आणि किंमत मोजणाऱ्या बहुतेक संघांस तें मिळे. १९६७ पासून या जातीच्या एंजिनानें १५५ शर्यती जिंकल्या. कंपनीनें पैसा ओतावा, पण मालकी कारागिराकडेच राहूं द्यावी, अशी ती व्यवस्था होती. एन्झो फेरारी या मंडळींस तुच्छतेनें ‘गॅरेजवाले’ म्हणत. तरी १९७१ सालीं जॅकी स्ट्यूअर्ट यांनीं वखारवाल्याच्याच गाडींतून जगज्जेतेपद मिळविलें.

पुढें खर्च इतका वाढला, कीं लहानांचा निभाव लागेना. टिरेलचा संघ एका तंबाखू-कंपनीनें घेतला, ब्रॅकलीस कारखाना उभा राहिला, आणि २००५ सालीं होंडानें तो सर्व आपल्या ताब्यांत घेतला. टोयोटा, रेनॉ, बी. एम. डब्ल्यू. यांनींही तेव्हां आपापले संघ बाळगले होते. मालकीमागून सत्ता आली. उत्पन्नाचा वांटा मनासारखा न मिळाल्यास आपण निराळ्या शर्यती भरवूं, अशी धमकीही या कंपन्यांनीं देऊन पाहिली.

इतक्यांत २००८ चें आर्थिक अरिष्ट कोसळलें. मोटारींचा खप बसला आणि डिसेंबरांत होंडानें काढता पाय घेतला. ब्रॅकलीच्या सुमारें सातशें माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आम्ही वर्गांत शिकवीत असूं. या पाहुण्यांच्या जाण्याचीही तिथि नसते! अखेर तेथील प्रमुख रॉस ब्रॉन यांनीं नाममात्र एका पौंडास संघ घेतला. बऱ्याच नोकऱ्या तरीही गेल्या. होंडाचें एंजिन गेलें, तें मर्सिडीजकडून आणलें. आणि २००९ सालीं त्याच माणसांनीं दोन्हीं अजिंक्यपदें जिंकलीं! त्याच वर्षीं बी. एम. डब्ल्यू. व टोयोटा निघून गेल्या. ब्रॉनचा संघ मर्सिडीजनें घेतला, आणि २०१४ पासून सलग आठ वर्षें निर्मात्यांचें अजिंक्यपद ब्रॅकलीस राहिलें.

बड्या कंपन्या नकोतच, असें मी म्हणत नाहीं; त्यांच्या पैशावांचून हें यश दिसलें नसतें. पण खेळाचे नियमच त्यांच्या सोयीनें घडूं लागावे, हें मला खटकतें. २०२६ पासूनच्या नियमांत एंजिनाची सुमारें अर्धी शक्ति विजेची ठरली, आणि नव्या कंपन्यांस जड जाणारें एक गुंतागुंतीचें यंत्र वगळलें गेलें. औडी आली ती त्यानंतर. तिनें घेतलेला स्वित्झर्लंडचा संघ तोच, जो २००९ सालीं बी. एम. डब्ल्यू.नें टाकला आणि संस्थापक पीटर साउबर यांनीं वयाच्या ६६ व्या वर्षीं परत विकत घेऊन वांचविला. होंडानें तर २०२० सालीं पुनः निरोप घेण्याचें व २०२३ सालीं पुनः येण्याचें जाहीर केलें. रेनॉनें २०२५ अखेर आपलें एंजिन बंद केलें. आतां तिच्या आल्पीन संघास मर्सिडीजचें एंजिन विकत घ्यावें लागतें.

“आणि आजोबा, टिरेलच्या खोपटाचें काय झालें?” धाकट्या नातीनें विचारलें. तें पाडलें जाण्याच्या बेतांत होतें. गुडवुडच्या लोकांनीं तें सोडवून नेलें आणि आपल्या शर्यतीच्या मैदानावर पुनः उभें केलें.