कोकणचा निकाल पहिला. पण आमची मुले पोहोचतात कुठे?

दहावीचा निकाल लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्यात सत्कारांचा मोसम सुरू होतो. बाहेर पावसाची झड आणि आत शाळेच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात, बुद्धविहारात गुणवंतांचा गौरव! ज्ञातीमंडळे, पतसंस्था, मुंबईकर ग्रामस्थ मंडळे, सगळेच मुलांना पेन, वही, गुलाबपुष्प देतात. वकिली सांभाळून आम्हीही मालवण तालुक्यात अशा कार्यक्रमांना जातो, चार शब्द बोलतो. ते अवश्य व्हावेत, असेच आमचे मत आहे. मात्र सत्कार आटोपल्यावर हार घरी घेऊन जाणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून सहसा कुणी विचारत नाही. तो आज विचारला पाहिजे.

प्रथम आकडे पाहू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळात होते. २०१२ च्या परीक्षेपासून त्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झाले आणि तेव्हापासून हा विभाग सातत्याने राज्यात अव्वल राहिला. २०२४ साली राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के, तर कोकणचा ९९.०१ टक्के. २०२५ साली राज्याचा ९४.१० आणि कोकणचा ९८.८२ टक्के. या यशाबद्दल मुलांचे, पालकांचे आणि शिक्षकांचे अभिनंदन केलेच पाहिजे.

परंतु या आकड्यांची दुसरी बाजूही आहे. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण बंद करण्यात आले. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर कोसळला. कोकण तेव्हाही पहिलाच होता, पण ९६ वरून ८८.३८ वर आला. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि कोकणचा निकाल ९८.७७ झाला. एका वर्षात मुले मठ्ठ झाली नव्हती आणि दुसऱ्या वर्षी एकदम हुशारही झाली नव्हती. याचा अर्थ एवढाच की, कोकणची आघाडी खरी आहे, पण 'शंभरातले नव्याण्णव पास' यातून मुलाला नेमके किती येते ते कळत नाही. शिवाय नऊ विभागांत कोकण सर्वात लहान. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना आमचा जिल्हा आकसला, कारण शिकलेला तरुण येथे राहतच नाही.

येथील हायस्कुले सरकारने आयती आणून दिलेली नाहीत. मालवणात अनंत शिवाजी देसाई टोपीवाला हायस्कूल एका व्यापाऱ्याच्या दातृत्वाचे नाव मिरवते, तर भंडारी एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल हे एका कष्टकरी समाजाने शिक्षणाची कास धरल्याचे उदाहरण आहे. गावोगावची अनेक हायस्कुले तर मुंबईच्या गिरणीत, गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभी राहिली. याच भंडारी समाजाचे नेते सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव संमत करून घेतला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची भूमिका सरकारला घ्यायला लावली. महाडचा १९२७ चा सत्याग्रह या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच होता. आपल्या समाजासाठी शिक्षण मिळवणारा माणूस दुसऱ्याच्या शिक्षणासाठीही कसा झगडतो, ते यातून दिसते.

या बोल्यांचे नाव आणखी एका सभेशी जोडलेले आहे. बाबासाहेब परीक्षा पास झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या गौरवाची सभा भरली, तिचे अध्यक्ष बोले होते. चरित्रकार ही सभा १९०७ च्या मॅट्रिकनंतरची सांगतात. खुद्द बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा उल्लेख केला आहे. इतर समाजांच्या तुलनेत या यशाचा सोहळा करण्यासारखे काही नव्हते, पण आपल्या समाजातून तेथवर पोहोचलेले आपण पहिलेच, म्हणून लोकांना ते मोठे वाटले, अशा आशयाचे ते तेथे लिहितात. त्या सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर हजर होते. हे केळुसकर गुरुजी मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गचेच सुपुत्र! त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले असते, तर तो एक नेहमीचा सत्कार ठरला असता. पुढे सुभेदार रामजींची पैशांची ओढाताण पाहून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, कॉलेजचे शिक्षण झाले आणि १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. सत्कार झाल्यानंतरही पाठीशी उभा राहणारा माणूस होता म्हणून हे घडले. आज व्यासपीठावर बसणाऱ्या आम्हा सर्वांना ही गोष्ट लागू आहे.

मध्यंतरी एका कार्यक्रमात एका मुलीला आम्ही विचारले, "बाय, पुढे काय शिकणार?" वडील चिरेखाणीवर कामाला, मुलीला नव्वदच्या वर टक्के. ती म्हणाली, "बघूया काका. मामा मुंबैक आसा, तो काय ता सांगतलो." दहावीत नव्वद टक्के मिळवूनही तिचे भवितव्य मामाच्या खोलीत जागा आहे की नाही, यावर ठरणार होते. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू झाले आहे. पण त्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी 'नीट' लागते, 'नीट'साठी शिकवणी लागते आणि शिकवणीसाठी पैसा लागतो. ज्यांच्या वाडवडिलांकडे खोतीच्या काळापासून जमीन नव्हती, त्यांनी विकायचे काय?

सरकार काय करते ते पाहू. घटनेत २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१ अ आले आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण हा हक्क ६ ते १४ वयापुरता. नववी-दहावीचा मुलगा त्या छत्राबाहेरच! कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. तेथे पटाची अट नाही. असे असताना १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने वरच्या प्राथमिक वर्गांत पट २० च्या खाली गेला की पदच शून्यावर येण्याची वेळ आणली. त्या सप्टेंबरमध्ये राज्यभरातील शिक्षक रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या यांच्या कोकणात पट वाढणार कसा? पट कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पालक मुलाला शहरात नेतो, त्यामुळे पट आणखी घटतो आणि शेवटी शाळेला कुलूप लागते. सातवी-आठवी गावात नसेल, तर नववी-दहावीची हायस्कुले कुठून जगणार? संसदेच्या कायद्याची अनुसूची आणि मंत्रालयातला शासन निर्णय यांत विरोध आला, तर अनुसूचीच श्रेष्ठ ठरते. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा मुद्दा लेखी मांडला पाहिजे.

आता आपल्या हातात काय आहे? आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. परंतु आमच्या कार्यालयात पालक येतात ते मुदत संपल्यावर! कुणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कुणाकडे आजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा नाही, कुणाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद अर्धवट. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. त्यासाठी मूळ अनुसूचित जातीचा पुरावा लागतो. ही कागदपत्रे नववीतच तपासा. मूल शाळेत असताना नोंद दुरुस्त करणे सोपे असते, दाखला हाती पडल्यावर हेलपाटे सुरू होतात.

म्हणून यंदाच्या सत्कार समित्यांना आमची विनंती आहे. हारांचा खर्च निम्मा करा. प्रत्येक गुणवंतामागे, आणि तितक्याच अगत्याने काठावर पास झालेल्या मुलामागेही, समाजातला एक नोकरदार, शिक्षक किंवा वकील नेमा. अर्ज, दाखले, प्रवेश आणि राहण्याची सोय होईपर्यंत दोन वर्षे त्याने त्या मुलाची जबाबदारी घ्यावी. मालवण तालुक्यातील विहारांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कागदपत्रे तपासून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. कोणत्याही जातीच्या मुलाने यावे. केळुसकर गुरुजींनी त्या सभेत मुलाची जात विचारली नव्हती.