नामश्लेष आणि कोशनिष्ठ समीक्षा

जपानी ॲनिमेतील प्रत्येक पात्रनामात गूढार्थ दडलेला आहे, असे गृहीत धरून शब्दकोश उघडणारी समीक्षा कोडी सोडवण्याची हौस तेवढी भागवते. तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मध्ये ‘यासाइ’ म्हणजे भाजी या शब्दाचा क्रम उलटवून ‘साइया’ हे वंशनाम साधले आहे. ‘व्हेजिटा’ हा तर इंग्रजी ‘व्हेजिटेबल’चाच तुकडा. ही निखळ गंमत आहे. तिच्यावर तत्त्वज्ञानाचा भार लादणे हास्यास्पद होय. याउलट मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) स्नानगृहाची मालकीण युबाबा करारपत्रावरील ‘ओगिनो चिहिरो’ या नावाच्या चार चिन्हांपैकी तीन हिरावून घेते. उरलेल्या चिन्हाचा ‘सहस्र’ हा अर्थ कायम राहतो. उच्चार मात्र ‘चि’चा ‘सेन’ होतो. ‘चिहिरो म्हणजे हजार वाव खोली’ एवढे सांगून थांबणाऱ्या समीक्षकाला व्युत्पत्ती सापडते, कृती दिसत नाही. नाव छाटून माणसाला स्वतःचा विसर पाडायचा आणि त्या विस्मृतीवर चाकरी करवून घ्यायची, हे सत्तेचे तंत्र त्या उच्चारबदलातच प्रकट होते. कोश शब्दाचा अर्थ देतो. त्या शब्दाचे कथेत काय केले गेले, हे सांगणे समीक्षेचे काम आहे आणि तेच येथे टाळले जाते.