परीक्षा कानांची, शिक्षा स्पेलिंगची

ब्रिटनमधल्या रुग्णालयात नोकरी करू पाहणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या परिचारिकेने आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा मार्ग धरला, की तिथल्या परिचारिका परिषदेची अट आडवी येते : ऐकण्याच्या पेपरात 7 बँड हवेतच. प्रश्न 40, ध्वनिमुद्रण अर्ध्या तासाचे आणि तेही एकदाच ऐकवणार. साधारण 30 उत्तरे बरोबर आली तर 7 बँड. एक कमी पडले की पुन्हा हजारो रुपये भरा आणि पुन्हा बसा!

आता ते एक उत्तर कसे जाते ते पाहा. मुलगी हेडफोनमधून 'अकॉमोडेशन' हा शब्द ऐकते, ओळखते, नेमक्या चौकटीत लिहिते. घाईत दोनांतला एक 'एम' गळतो. गुण शून्य! आम्ही विचारतो, तिच्या कानांत कोणता दोष होता? परिचारिकेला शुद्ध लिहिता आलेच पाहिजे, असे कोणी म्हणेल. जरूर यावे, त्यासाठी लेखनाचा वेगळा पेपर आहे, तिथे कापा हवे तेवढे गुण. ऐकण्याच्या नावाखाली स्पेलिंगचा दंड वसूल करणे हा उघड अन्याय आहे. आणि तो टाळता येतो. आरोग्यसेवकांसाठीच्या ओईटी परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात अर्थ स्पष्ट असेल तर स्पेलिंगची किरकोळ चूक चालते. ती परीक्षा हीच परिषद मान्य करते!

परीक्षामापनाचे अभ्यासक सॅम्युएल मेसिक यांनी 1989 सालीच बजावले होते : जे मोजायचे नाही ते गुणांत घुसले, किंवा जे मोजायचे ते बाहेर राहिले, तर त्या गुणांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. इथे दोन्ही घडते. स्पेलिंग आत आले आणि उच्चारांची खरी दुनिया बाहेर राहिली. ब्रिटिश वॉर्डात केरळचे, फिलिपीन्सचे, नायजेरियाचे सहकारी बोलतात. ध्वनिमुद्रणात मात्र इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचेच उच्चार. वॉर्डातले उच्चार परीक्षेत आणले की प्रश्न आपोआप सुटेल, असेही नाही. वक्ता आणि उमेदवार एकाच मातृभाषेचे असतील तर काही प्रश्नांत उमेदवाराचा फायदा होतो, हे भाषापरीक्षांचे अभ्यासक ल्यूक हार्डिंग यांनी 2012 साली दाखवले. म्हणूनच अंदाजपंचे नको, मोजमाप हवे.

ते मोजमाप आहे. एकूण कुवत सारखी असलेले मराठी आणि जर्मन उमेदवार घ्यायचे आणि एखादा प्रश्न एकाच गटाला वारंवार पाडतो का, ते पाहायचे. मँटेल आणि हेन्झेल या संख्याशास्त्रज्ञांनी 1959 साली रोगाची कारणे शोधण्यासाठी काढलेले गणितही त्याला पुरते. परीक्षा मंडळे गुणांच्या सातत्याचे आकडे अभिमानाने छापतात. पण पासंग असलेला तराजूही दरवेळी तेच वजन दाखवतो! सातत्य म्हणजे न्याय नव्हे. आणि उमेदवाराला तपासलेली उत्तरपत्रिकासुद्धा दाखवत नाहीत. हाती पडतो तो नुसता बँड.

आमची मागणी स्पष्ट आहे. ऐकण्याच्या पेपरातली स्पेलिंगची कापाकापी आजच बंद करा. कोणता प्रश्न कोणत्या मातृभाषेच्या उमेदवारांना अडवतो, याचे विश्लेषण दरवर्षी जाहीर करा. तपासलेली उत्तरपत्रिका मागेल त्याला दाखवा. ब्रिटनच्या परिषदेने हे पुरावे मागितलेच पाहिजेत. ती मागत नसेल तर भारतीय परिचर्या परिषदेने ते लेखी मागावेत आणि आलेले उत्तर जसेच्या तसे छापावे.