जिपेला पीटीओ बसवण्याआधी

धान कापून झालं की मुलचेरा तालुक्यातल्या बांध्यांत पुंजणे उभे राहतात आणि थ्रेशरची वाट बघणं सुरू होतं. सुंदरनगर असो की विवेकानंदपूर, मळणीच्या दिवसांत सगळ्यांना ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. अशा वेळी अंगणात उभी असलेली जुनी फोर-व्हील जीप डोळ्यांपुढे येते. इंजिन अजून धडधाकट आहे. हिलाच मागून पीटीओ, म्हणजे यंत्र चालवायचा फिरता दांडा, काढला तर थ्रेशर चालेल, नाल्यावरचा पंप चालेल, असं वाटणं साहजिक आहे. हा विचार चुकीचा नाही. पण मिस्त्रीकडे जाण्याआधी थोडं ऐकून घ्या, अशी कळकळीची विनंती आहे.

जीप या कामासाठीही बनली होती. दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या विलीज कंपनीनं सीजे-२ए ही जीप बाजारात आणली, ती शेतकऱ्याला गिऱ्हाईक धरून. मागचा पीटीओ, पट्ट्याची पुली, इंजिनाला गव्हर्नर हे सगळं वेगळे पैसे मोजले की मिळायचं. त्याच घराण्यातल्या जिपा महिंद्रानं १९४७ च्या सुमारास मुंबईत जोडायला घेतल्या. म्हणून त्या जुन्या घडणीच्या ट्रान्सफर केसला मागच्या अंगाला बोल्टांनी बसवलेलं एक झाकण असतं. ते काढलं की गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टची रेष समोर येते आणि पीटीओ तिथून ताकद घेतो. ट्रान्सफरचा लीव्हर न्यूट्रलला टाकला की चाकांकडे जाणारी ताकद तुटते. गाडी जागेवर उभी आणि मागचा दांडा फिरता, अशी ही सोय आहे.

तुमच्या गाडीच्या केसला असं झाकण नसेल तर विषय तिथेच सोडा. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत ते नसतं. केसला भोक पाडून, वेल्डिंग मारून पीटीओ काढून देतो असं कोणी म्हणालं तर गाडी घेऊन घरी या. केस एकदा तडकली की तेल गळतं, बेअरिंगं जागा सोडतात आणि चांगली गाडी भंगारात जाते.

आता वेगाचं बघू, कारण खरी गफलत इथेच होते. थ्रेशर, पंप, डायनामो यांतली बरीच यंत्रं मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या हिशेबानं बनतात. ट्रॅक्टरमध्ये तो वेग कारखान्यातूनच बांधून येतो. इंजिन किती फेऱ्यांवर ठेवायचं याची खूण मीटरवर असते. जिपेचा पीटीओ गिअरबॉक्सच्या मागून निघतो, त्यामुळे तुम्ही जो गिअर टाकाल तसा दांडा फिरतो. जुन्या तीन गिअरच्या जिपेत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण २.८ असतं. इंजिन १५०० वर असेल तर दांडा ५४० च्या आसपास राहतो. मागे आणखी गिअर नसेल आणि चुकून तिसरा गिअर पडला, तर तोच दांडा १५०० फेऱ्या घेतो. ५४० साठी बनलेला थ्रेशरचा ड्रम जवळजवळ तिप्पट वेगानं फिरला की त्याचे दाते आणि पट्ट्या कुठे उडतील ते सांगता येत नाही. म्हणून फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर घ्या, पहिल्या दिवशी मोजा, आणि कुठला गिअर व किती रेस हे डॅशबोर्डवर रंगानं लिहून ठेवा.

भार बदलला तरी इंजिनाचा वेग सारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरचीही अशीच गोष्ट. पेंढी आत गेली की इंजिनावर भार येतो, संपली की उतरतो. ट्रॅक्टरचं इंजिन हा चढउतार स्वतः सांभाळतं. जिपेला गव्हर्नर वेगळा घेतलेला नसेल, तर तिथे ड्रायव्हरचा पाय हाच गव्हर्नर. शिवाय उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, पाणी उकळू शकतं. माझं स्पष्ट मत असं की थ्रेशरला ट्रॅक्टरच लावावा, पाच-सहा घरांनी मिळून भाड्यानं आणावा. जिपेच्या पीटीओवर पंपासारखं एकसारख्या भाराचं हलकं काम घ्यावं.

उभ्या गाडीबद्दल एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. एरवी गाडी गिअरमध्ये ठेवली की चढावरही थांबते. ट्रान्सफर न्यूट्रलला असताना मात्र गिअर टाकलेला असूनही चाकं मोकळीच असतात. फक्त हँडब्रेक धरून असतो, आणि जुन्या जिपेचा हँडब्रेक किती धरतो हे तुम्हाला माहीतच आहे. चारही चाकांना पुढून-मागून लाकडाचे गुटके लावल्याशिवाय क्लच सोडू नका.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. पीटीओचा साधा दांडा ३५ मिलिमीटर जाडीचा धरला, तरी तो सेकंदाला मीटरभर कापड गुंडाळतो. ‘अरे’ म्हणून ओरडेपर्यंत खांद्यावरचा दुपट्टा, साडीचा पदर, लुंगीचं टोक संपलेलं असतं आणि पुढे माणूस ओढला जातो. मळणीवर पेंढ्या देणाऱ्यांत बाया पुष्कळ असतात. पदर कमरेला खोचलेला असला तरी वाकताना सुटतो. त्यांना ‘सांभाळून गं’ म्हणून भागत नाही, दांड्यालाच झाकावं लागतं.

त्यासाठी प्लॅस्टिकचं नळीसारखं कवच मिळतं. आत दांडा फिरतो, बाहेरची नळी साखळीनं बांधलेली असते म्हणून स्थिर राहते. जिपेकडचं टोक आणि यंत्राकडचं टोक, दोन्ही वेगळ्या झाकणांनी बंद करायची. जोडावर पिनेच्या जागी लांब बोल्ट टोचून ठेवू नका. कापड अडकतं ते बहुधा अशाच बाहेर आलेल्या टोकात. काही अडकलं तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग हात. चालू दांडा कोणीही ओलांडायचा नाही, घाई असली तरी नाही.

कोणी लाकूड ओढायला पीटीओवर विंच लावणार असेल तर ड्रमवर तारेचे किमान पाच वेढे शिल्लक ठेवा आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत कोणाला उभं करू नका. मालकीचं झाड असलं तरी वनखात्याची परवानगी आधी घ्या.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा विनापरवाना बदल केल्यास दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे काम काढण्याआधी गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हाच बदल पुढे करेल.

थ्रेशरमध्ये हात जाण्याचे प्रकार वाढले म्हणूनच देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला. तरीही अपघात झालाच, तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. तुमच्या पुंजण्यावर मजुरीला आलेल्या, घरात कोणाच्याच नावावर जमीन नसलेल्या बाईला त्यातून काही मिळत नाही. तिची जबाबदारी तुमच्यावर आहे.

मिस्त्री भावांनाही सांगणं आहे. दोन पैसे कमी घ्या, पण पीटीओ बसवाल त्याच दिवशी कवचही बसवा. गिऱ्हाईक कवच नको म्हणत असेल तर काम घेऊ नका, गाडी तशीच परत पाठवा.