लांडगा आला रे आला

भूकंप नेमका कधी होणार, हे आजही कोणाला सांगता येत नाही. ज्वालामुखीचं मात्र थोडं वेगळं आहे. फुटण्याआधी तो बहुतेक वेळा कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकायला माणूस शिकला आहे.

ऐकायचं साधन म्हणजे भूकंपमापक. जमिनीखालून शिलारस वर येऊ लागला की वाटेतला खडक तडकतो आणि बारीक बारीक धक्के बसतात, आपल्या पायांना कळणारही नाहीत असे. शिलारस, वायू, गरम पाणी भेगांतून ढकललं जाऊ लागलं की धक्क्यांची जात बदलते. ते संथ लयीचे होतात. कधी कधी तर तासन् तास सलग थरथर चालू राहते, झाकण ठेवलेल्या आधणासारखी. डोंगराभोवती चार-सहा यंत्रं बसवली की धक्के किती, किती खोलवर आणि कुठे सरकताहेत, हे समजतं. जोडीला डोंगर फुगतोय का, सल्फर डायऑक्साइड किती निघतोय, हेही मोजतात. वैद्य नाडीबरोबर जीभही बघतो ना, तसंच.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फिलिपीन्समधल्या पिनाटुबोचं. सुमारे ५०० वर्षं निजलेला हा डोंगर एप्रिल १९९१ मध्ये वाफा सोडू लागला. तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी घाईघाईने यंत्रं बसवली, धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पण डोंगर फुटतो म्हणजे काय होतं, हे लोकांना माहीत कुठे होतं? मग मोरीस क्राफ्ट या फ्रेंच अभ्यासकाने तयार केलेली चित्रफीत त्यांना दाखवली. (हे क्राफ्ट आणि त्यांची पत्नी कातिया त्याच वर्षी ३ जूनला जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर गेले. त्यांच्या चित्रफितीने इतरांना वाचवलं...) हजारो माणसं हलवली गेली. १५ जूनला पिनाटुबो फुटला, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक! त्याच दिवशी वादळ आलं, पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली आणि काहीशे माणसं गेली. तरी निदान ५,००० जीव त्या इशाऱ्यामुळे वाचले, असा अंदाज आहे.

आता त्याच्या सहा वर्षं आधीचं बघा. कोलंबियातला नेवाडो देल रुईझ १९८४ च्या अखेरीपासून कुरबुरत होता. यंत्रं उशिरा आली, अपुरी आली, हे खरं. पण ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा तयार होता आणि आर्मेरो गाव त्यात चिखलाच्या वाटेवर दाखवलेलं होतं. उगाच घाबरवता, अशी टीका झाली. १३ नोव्हेंबरला संध्याकाळी गावावर राख पडली, तरी शांत राहा, असंच लोकांना सांगण्यात आलं. रात्री नऊच्या सुमारास डोंगर फुटला, माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचा लोंढा निघाला. तो आर्मेरोला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात माणसं चालत उंचावर जाऊ शकली असती. एकूण २३,००० च्या आसपास बळी गेले.

हे का झालं? गाव हलवायचं आणि डोंगर फुटलाच नाही तर बोल कोणी घ्यायचा, हा प्रश्न होता. तो अगदीच खोटा नव्हता. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ७०,००० हून जास्त लोकांना काही महिने घराबाहेर ठेवलं, आणि मोठा उद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञांमध्येच भांडणं जुंपली.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्ही मास्तर मंडळींनी पिढ्यान् पिढ्या शिकवली. पण तो पोरगा खोटं बोलत होता. ग्वादलूपच्या झुडपात लांडगा खरोखरच गुरगुरत होता, फक्त बाहेर आला नाही. हा फरक मुलांना कधी सांगितला जात नाही. यंत्र शक्यता सांगतं, तारीख-वार नाही. दहात तीनदा फुटेल असं म्हणून सात वेळा फुटला नाही, तर तो अंदाज बरोबरच होता!

यावर उपदेश मात्र शेतकऱ्याला करू नये, असं मला वाटतं. उभं पीक, दावणीची गुरं सोडून निघायला सांगितलं आणि महिन्याने परत आला तर गोठा रिकामा. पुढच्या वेळी तो का हलेल? इशारा फुकट गेला तर त्याचा भुर्दंड सरकारने भरावा. छावणीत पोटभर अन्न, गुरांना चारा, बुडालेल्या मजुरीची भरपाई. यंत्रांच्या खर्चाइतकाच हाही खर्च अंदाजात धरला पाहिजे. ज्याला निघाल्याची शिक्षा होत नाही, तोच पुन्हा निघतो.

आणि चुकलेल्या इशाऱ्याबद्दल शास्त्रज्ञाला धारेवर धरणाऱ्यांनी एवढंच आठवावं, आर्मेरोत इशारा चुकला नव्हता.

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.