घर दाखवणाऱ्याची नोंद कुठे आहे?

भाडेकरू व सदनिका खरेदीदारांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : भाड्याच्या व पुनर्विक्रीच्या घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांची नोंदणी आणि दलालीची लेखी नोंद

महोदय,

फसवणुकीची तक्रार घेऊन कुठेही गेले, की आधी ऐकायला मिळते, ‘एजंट नीट पारखून घ्यायला हवा होता.’ सल्ला योग्यच आहे, आम्हीही सभासदांना तोच देतो. पण पारखायचा कशावरून? वाकडमध्ये भाड्याने वन बीएचके शोधणाऱ्या मुलाकडे एजंटाचा मोबाइल नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा गणपतीचा फोटो याखेरीज काहीही नसते.

नव्या प्रकल्पांत हे चित्र बरेच बदलले आहे. रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकणाऱ्या एजंटाला नोंदणी करावीच लागते. ‘ए’ अक्षराने सुरू होणारा त्याचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीविना धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. या पावलाचे आम्ही तेव्हाही स्वागत केले होते. पण त्या कायद्यातली एजंटाची व्याख्या प्रकल्पातील विक्रीपुरती आहे. भाड्याचे घर आणि जुन्या सोसायटीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट तिच्या बाहेर राहतात. बहुतेकांचा एजंटाशी पहिला संबंध येतो तो नेमका भाड्याच्या घरासाठी. म्हणजे नवखा माणूस जिथे भेटतो, तिथेच नोंदवही नाही.

एक व्यवहार जवळून पाहू. भाडे २५,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, करार अकरा महिन्यांचा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. या सतराशे रुपयांतला पैसा न् पैसा सरकारदरबारी नोंदला जातो. दलालीपोटी एक महिन्याचे भाडे, म्हणजे २५,००० रुपये, भाडेकरू देतो आणि पुष्कळदा तेवढेच मालकाकडूनही घेतले जाते. तिची नोंद कुठेच नाही. आकडाही बहुतेक वेळा उशिरा कळतो. घर बघताना ‘ते बघू हो नंतर’, आणि अंगठा घ्यायला माणूस दारात आला की ‘एक महिना तर सगळीकडेच आहे’. टेम्पोत सामान चढलेले असते. माणूस देतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : भाडे व पुनर्विक्रीचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येक एजंटाची राज्यस्तरीय नोंदणी सक्तीची करावी. रेरा केंद्राचा कायदा आहे, त्यात दुरुस्ती आमच्या हातात नाही, हे उत्तर आम्हाला मिळाले आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ राज्याचाच आहे. त्याच्या कलम ५५ ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. ती न पाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो व्यवहार जुळवून देणाऱ्या एजंटाचा मात्र त्या कलमात उल्लेखही नाही. त्याची जागा तिथेच करता येईल.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे, आणि तिला आमच्या मते कायदा बदलण्याचीही गरज पडू नये. लिव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणीत दोन रकाने वाढवा : एजंटाचे नाव व क्रमांक, आणि कोणत्या बाजूने किती दलाली दिली. एजंट नसेल तर ‘नाही’ लिहावे. नोंदणी व मुद्रांक विभागाकडे वर्षभरात जी यादी जमेल, तीच एजंट निवडायला लोकांच्या उपयोगी पडेल.

तिसरी, पैशाबद्दल. टोकन आणि डिपॉझिट फक्त मालकाच्या बँक खात्यात जावे. एजंटाच्या खात्यात किंवा हातात ते घेणे दंडनीय करावे. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणारी कुटुंबे यात सर्वाधिक पोळतात. दरमहा भाडे नको म्हणून गावची जमीन विकून लाखो रुपये दिले जातात, आणि पैसे घेणारा मालकच नव्हता हे नंतर उघड होते. मोठी रक्कम देण्यापूर्वी मालकीचा इंडेक्स टू किंवा सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट दाखवणे एजंटावर बंधनकारक असावे.

घर दाखवण्याआधीच दलालीचा आकडा लेखी द्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवर दिला तरी चालेल. दोन्ही बाजूंकडून पैसे घेत असल्यास तेही सांगावे. अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू त्याच घरात राहणार असेल, तर एजंटाने नवे काम केल्याशिवाय पुन्हा दलाली मागू नये. करार टाइप करून देणे हे काम आहे, त्याचे पैसे घ्या. त्यासाठी महिन्याचे भाडे नको.

दलालीवर सरकारी कमाल मर्यादा घालावी, असा ठराव आमच्या सभेत आला होता. बराच वाद झाला आणि तो बारगळला. चांगला एजंट दहा घरांच्या किल्ल्या सांभाळतो, सोसायटीच्या सेक्रेटरीची ‘बॅचलर चालणार नाही’ ही कुरकुर निस्तरतो, मालक परदेशात असेल तर गळका नळही तोच बघतो. त्याने किती घ्यावे हे ग्राहक ठरवील. फक्त आकडा आधी कळू द्या. अशा एजंटांनाही नोंदणी हवीच आहे, कारण जाहिरातीत अस्तित्वात नसलेला फ्लॅट टाकून ‘तो कालच गेला, दुसरा दाखवतो’ म्हणणारे त्यांचेही गिऱ्हाईक पळवतात.

एक मागणी महारेराकडे आहे. एजंटाच्या नावापुढे त्याच्याविरुद्ध झालेले आदेश मराठीत, एका क्लिकवर दिसावेत. नोंदणी आहे एवढे कळून भागत नाही; वागला कसा, तेही कळायला हवे.

वरील रकान्यांचा नमुना सोबत जोडला आहे. येत्या अधिवेशनापूर्वी आमच्या शिष्टमंडळाला चर्चेसाठी वेळ द्यावी आणि त्या बैठकीला नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाचा प्रतिनिधी बोलवावा, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य