कायदेमंडळाचा पाठ सनावळीत संपवू नका



इतिहासात ब्रिटिश काळातलं कायदेमंडळ आलं की आपण काय करतो? १८९२, १९०९, १९१९, १९३५ असे चार कायदे फळ्यावर लिहितो, प्रत्येकापुढे दोन-दोन मुद्दे देतो आणि पाठ करायला सांगतो. परीक्षा संपली की मुलं ते विसरतात. माझं मत असं की, या सभागृहात बसून माणसं नेमकं करत काय होती, हे सांगितल्याशिवाय हा पाठ पूर्ण होत नाही. तिथे मुख्यतः दोन गोष्टी चालत : सरकार पैसा कुठे खर्च करतं याची विचारणा, आणि आपल्या भागातल्या लोकांची गाऱ्हाणी मांडणं.

सुरुवात गोपाळ कृष्ण गोखल्यांपासून करावी. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, प्रश्न विचारता येई. पण मतदान करता येत नसे. दुष्काळ आणि प्लेगने लोक हैराण झालेले असताना सरकारी तिजोरीत मात्र शिल्लक पडत होती. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना गोखल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. लोक हलाखीत असताना शिल्लक पडते, याचा अर्थ कर जास्त घेतला जातो, असा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. तेव्हा तो मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं नाही, पण आकडे घेऊन सतत बोलत राहण्याचा त्यात वाटा होता.

दुसरं उदाहरण तर आपल्याच शाळेचं आहे. १९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. मागणी किती माफक होती पहा. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेने ठरवलं आणि सरकारने मान्यता दिली तरच. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेने आणि दोन वाटे सरकारने उचलायचे. १९१२ च्या मार्चमध्ये मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. विधेयक पडलं. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला. वर्गातल्या मुलांना हे सांगून पहा, १३ आणि ३८ हे आकडे त्यांना पाठ करावे लागणार नाहीत.

आता मुंबई कायदे कौन्सिलकडे येऊ. १९१९ च्या कायद्याने शिक्षण खातं भारतीय मंत्र्याकडे आलं, पण अर्थखातं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिलं. म्हणजे शाळा यांच्या आणि किल्ल्या त्यांच्याकडे! अशा कौन्सिलमध्ये १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. दारूवरच्या करातून सरकार लोकांकडून जेवढं घेतं, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असं ते म्हणाले. फळ्यावर शंभर गोल काढा, त्यातले अठरा रंगवा. पुढचं बरंचसं मुलंच बोलतील.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याचाही एक धागा याच सभागृहात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव कौन्सिलने मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण कागदावरच! म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला : जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. तरीही लोकांना स्वतः तळ्यावर जावं लागलं, आणि कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली.

काही शिक्षक म्हणतील, ती कौन्सिलं म्हणजे इंग्रजांचा देखावा होता, त्यांचं कौतुक कशाला? बरोबर आहे. मतदानाचा हक्क मूठभरांना होता आणि अखेरचा शब्द सरकारचा होता. ते मुलांना सांगायलाच हवं. पण इतक्या अपुऱ्या जागेतही माणसं आकडे घेऊन उभी राहिली. ठराव होणं आणि तो अमलात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाडइतकं स्वच्छ दुसरं काय शिकवेल?

वर्गात एक तास पुरतो. मुलांना शाळेतली किंवा गल्लीतली एक अडचण निवडायला सांगा. 'नळाला पाणी येत नाही' ही झाली तक्रार. 'नळदुरुस्तीला पैसे कुठून येतात, या वर्षी किती आले, काम कोणी आणि कधी करायचं?' हा झाला प्रश्न. तक्रारीचा प्रश्न करता आला की मूल नागरिकशास्त्र शिकलं, असं मी समजते.

आणि पालकहो, हे फक्त मुलांसाठी नाही बरं का. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश आहेत, आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो हे पाहणं त्या समितीचं काम आहे. गोखल्यांना मत देण्याचीही मुभा नसताना ते हिशोब विचारत होते. आपल्याला तर कायद्यानेच हक्क दिलाय. पुढच्या बैठकीला नुसती सही करून उठू नका. अनुदान किती आलं, कशावर गेलं, एवढं विचारा. आम्हा शिक्षकांना त्याचा राग येणार नाही. उलट शाळेसाठी भांडणारं कुणीतरी आहे, याचा आधारच वाटेल.